बुधवारच्या गोळ्या

७ जानेवारी

दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलंय, रोज दोन ओळी लिहायच्या. सकाळी बोटं किती वेळ आखडली होती, कुठलं बोट सुजलंय, औषधाने काय झालं. म्हणून ही वही. मला लिहायची सवय नाही. बंदरावर आमचं सगळं बोलणं वायरलेसवर होतं आणि त्यातून शिव्या वगळल्या तर फारसं काही उरत नाही.

तर आजच्या ओळी. सकाळी दीड तास दोन्ही हातांची मूठ वळली नाही. बरणीचं झाकण लेकीने उघडून दिलं. जी बाई रोज क्रेनमध्ये बसून चाळीस टनांचा डबा जहाजात अलगद ठेवते, तिला घरात बरणी उघडत नाही. डबा म्हणजे कंटेनर. आम्ही डबाच म्हणतो.

दुखणं संधिवाताचं, पण म्हातारपणी येतो तो नव्हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराची राखण करणारी फौज माझ्याच सांध्यांवर चालून आली आहे. तिला आवरायला मेथोट्रेक्सेट नावाचं औषध दिलंय. बारक्या पिवळ्या सहा गोळ्या, एकदम घ्यायच्या आणि आठवड्यातून एकदाच. त्या दिवशी मळमळतं, अंग जड होतं. म्हणून सिस्टर म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी घेत जा. मला पटलं. आज सुट्टी होती, घेतल्या.

बंदराच्या आरोग्यपत्रकात 'चालू औषधे' असा रकाना असतो. गेल्याच आठवड्यात मी तिथे 'नाहीत' असं लिहिलं. तेव्हा खरंच नव्हती. आता पुढचं पत्रक वर्षाने, मग आपण होऊन सांगायला कशाला जा.

२८ जानेवारी

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. दोन महिने पुरतील एवढ्या गोळ्या मिळाल्या. औषधाचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, धीर धरा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पुढचं रक्त पंचवीस फेब्रुवारीला. ते चुकवायचं नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला एकदा सांगितलेलं कळतं.

आज बंदरात दोन नव्या क्रेन आल्या, जहाजावर उभ्याच्या उभ्या. आमच्या जुन्या क्रेन त्यांच्या गुडघ्याला लागतात. प्रत्येकीवर आमच्यातला एक जण बसणार आणि त्यासाठी दोन एप्रिलला परीक्षा. परीक्षा घेणार मास्तर. सतरा वर्षांपूर्वी मला क्रेन शिकवली ती यांनीच. कौतुक करायचं झालं तर ते 'हं' म्हणतात.

सात जणांनी नावं दिली. सातवं माझं. देताना हात खिशात ठेवले होते.

११ फेब्रुवारी

आखडणं चाळीस मिनिटांवर आलं. आज बरणी मी उघडली. लेकीला बोलावून परत बंद केली आणि परत उघडून दाखवली.

१५ फेब्रुवारी

आजपासून नवी पाळी. बारा-बारा तास, दोन दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी. आता बंदरावर वार कोणी विचारत नाही. आज कितवा, एवढंच. कामाचा पहिला, कामाचा दुसरा, सुट्टीचा पहिला, सुट्टीचा दुसरा. नवऱ्याचं केस कापायचं दुकान आहे, त्याला सोमवारी सुट्टी. आमची सुट्टी आता कधी एकत्र यायची ते त्याने कॅलेंडरवर मोजायला घेतलं आणि वैतागून सोडून दिलं.

गोळ्यांचं मात्र सोयीचं झालं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा लोळायचं.

१७ फेब्रुवारी, सुट्टीचा पहिला

सहा गोळ्या घेतल्या. आखडणं अर्धा तास.

२१ फेब्रुवारी, सुट्टीचा पहिला

सहा गोळ्या घेतल्या. आखडणं जेमतेम पंधरा मिनिटं. हे औषध मला मानवलंय. उगीच घाबरत होते.

२५ फेब्रुवारी, सुट्टीचा पहिला

गोळ्या घेतल्या. रक्त द्यायला आज जायचं होतं, पण मास्तरांनी नव्या क्रेनच्या केबिनमध्ये बसायला एक तास दिला. असा तास सोडायला मी काय खुळी आहे? रक्त काही पळून जात नाही.

केबिनचा तळ काचेचा आहे. पायाखाली पन्नास मीटर हवा. इतक्या वरून डब्याचे चार कोपरे म्हणजे चार ठिपके. बोटाने जरा जास्त दाब दिला की खाली दोन फुटांचा फरक पडतो. ही क्रेन मला हवी आहे. इतकं काही हवंसं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१ मार्च, सुट्टीचा पहिला

गोळ्या घेतल्या. तोंड आलंय. चहा फार गरम पिते मी.

५ मार्च, सुट्टीचा पहिला

गोळ्या घेतल्या. तोंड जास्तच आलंय, थंड दुधावर दिवस काढला. नवऱ्याने माझा कंगवा उजेडात धरून पाहिला. म्हणाला, केस गळताहेत तुझे, आणि यातलं मला कळतं. बारा तासांच्या पाळीने गळणार नाहीत तर काय वाढणार? दवाखान्यात फोन कर म्हणून मागे लागला होता. परीक्षा झाली की करीन म्हटलं. आता फोन केला तर चार दिवस घरी बसा म्हणतील आणि क्रेन जाईल दुसऱ्याला.

९ मार्च, सुट्टीचा पहिला

गोळ्या घेतल्या. पाकीट संपलं. घसा इतका दुखतोय की पाणीसुद्धा टोचतं. काल केबिनच्या शेवटच्या वीस पायऱ्या चढताना दोनदा थांबले. हात मात्र झकास आहेत. हाताला बरं वाटायचं तर बाकीच्या अंगाने थोडं सोसायला नको का?

१० मार्च, सुट्टीचा दुसरा

आज औषधाच्या दुकानात भांडण झालं.

औषधवाली माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. गोळ्या मागितल्या तर संगणकात पाहून म्हणाली, "ताई, आधीच्या गोळ्या या पंचवीस तारखेपर्यंत पुरायला हव्या होत्या. सांडल्या का?" म्हटलं, सांडतील कशाला, घेतल्या. रोज घेता का, असं तिने विचारलं. माझा पारा चढला. सांगितलं की मला अक्कल आहे, सुट्टीच्या दिवशीच घेते.

मग तिने विचारलं, सुट्टी कधी असते. पाळी समजावून सांगितली. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी या गोळ्या आज देणार नाही. तोंड उघडून दाखवता का?"

मागे चार माणसं उभी होती. मी काही तोंड उघडलं नाही. माझ्या हातात चिठ्ठी आहे, तू न देणारी कोण, असं बरंच काही बोलले. ती शांतपणे दवाखान्याला फोन लावत होती. मी तणतणत बाहेर पडले. काल आलेल्या पोरींनी आम्हाला शिकवावं.

घरी पोचते तोच डॉक्टरीणबाईंचा फोन. आत्ताच्या आत्ता रक्त द्यायला या आणि ती वही घेऊन या. त्यांचा आवाज ऐकून पहिल्यांदा भीती वाटली.

११ मार्च, बुधवार

यापुढे तारखेबरोबर वार लिहिणार. कानाला खडा.

दवाखान्यात आहे, एकटीच्या खोलीत. भेटायला येणाऱ्यांनी तोंडाला मास्क लावायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली गेल्या आहेत. साधा सर्दी-ताप आला असता तरी निभावणं कठीण होतं, म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ही वही माझ्या पलंगावर उघडली आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेल्या. सतरा. एकवीस. पंचवीस. एक. पाच. नऊ. माझ्याच अक्षरात, पांढऱ्यावर काळं. आठवड्याचं औषध मी दर चौथ्या दिवशी घेत होते. लिहीत होते आणि दिसत नव्हतं. आठवडा म्हणजे सुट्टी ते सुट्टी, इतकं ते डोक्यात बसलंय. बंदरावर कोणालाही विचारा, त्याचंही असंच असेल.

मला वाटलं आता बोलणी खाणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही आम्ही सांगितलं तसंच वागलात. चूक सांगणाऱ्यांचीही आहे. आम्ही वार सांगायला हवा होता आणि सुट्टी बदलली तर काय, हे विचारायला हवं होतं." रक्त चुकवलंत ती चूक मात्र तुमची, असंही म्हणाल्या. कबूल केलं. त्याच दिवशी रक्त दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

जास्त झालेल्या औषधावर उतारा म्हणून दुसरी गोळी चालू केली आहे. संध्याकाळी नवरा आला. मास्कमुळे नुसते डोळे दिसत होते. माझा हात धरून बसला. मला रडू आलं. क्रेन गेली म्हणून नाही. लेकीला आई उरली नसती, आणि ते कशामुळे तर पाळीच्या तक्त्यामुळे.

१४ मार्च, शनिवार

पेशी वर यायला लागल्या. घरी सोडलं. घरी जायच्या आधी औषधाच्या दुकानात गेले. गर्दी होती. सगळ्यांसमोर भांडले होते, तर सगळ्यांसमोरच बोलायला हवं. म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. तुमच्यामुळे वाचले." ती गोंधळली आणि मागच्या माणसाला विचारायला लागली, तुम्हाला काय हवंय.

२७ मार्च, शुक्रवार

गोळ्या बंद आहेत आणि फौज पुन्हा चालून आली आहे. आज सकाळी दोन तास मूठ वळली नाही. उजव्या हाताची दोन बोटं सुजून चकचकताहेत. परीक्षेला सहा दिवस.

कपाटात गेल्या वर्षी दुखणं सुरू झालं तेव्हा दिलेल्या स्टेरॉइडचं अर्धं पाकीट निघालं. या गोळ्यांनी दोन दिवसांत हात लोण्यासारखे चालतात, मला माहीत आहे. चार दिवस घेतल्या तर परीक्षा होऊन जाईल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. पाकीट टेबलावर ठेवून मी दोन कप चहा प्यायले.

मग दवाखान्याला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी सरळ नाही म्हटलं. रक्त नुकतं सावरतंय, अशात स्वतःच्या मनाने काहीही घ्यायचं नाही. एक तारखेला पुन्हा मेथोट्रेक्सेट, चार गोळ्यांपासून सुरुवात. हात पूर्ववत व्हायला दोन महिने धरून चाला. पाकीट औषधवालीकडे परत देऊन आले.

आता मास्तरांना सांगायचं. आणि सांगायचं म्हणजे त्या रकान्यातलं 'नाहीत' आधी काढायला हवं. सतरा वर्षं मी कधी डबा आपटला नाही. पण आजारी माणसाला एवढ्या वर कोण बसवतो? जुनी क्रेनसुद्धा जाऊ शकते. तरी सांगणार. सुजलेल्या बोटांखाली माणसं उभी असतात.

३० मार्च, सोमवार

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला घेऊन बंदराच्या डॉक्टरांकडे गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

बंदराचे डॉक्टर भले गृहस्थ आहेत, पण घाबरट. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, असं औषध चालू असताना तुम्हाला वर पाठवायचं म्हणजे मोठी जोखीम. मी म्हटलं, "डॉक्टर, क्रेनचा दोर आम्ही दर पंधरवड्याला तपासतो. तुटायच्या आधी कळावं म्हणून तर तपासतो. माझं रक्त दर महिन्याला तपासा. रिपोर्ट तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. ज्या दिवशी चुकवीन त्या दिवशी मला खाली उतरवा."

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "दोरांच्या बाबतीत ही बाई माझ्याहून कडक आहे."

रकान्यात माझ्या हाताने औषधाचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, बोटं ऐकत नव्हती. सूज उतरेपर्यंत खाली कार्यालयात काम, नंतर पुन्हा तपासणी आणि दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट. नोकरी शाबूत. जिना उतरताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

गुरुवारच्या परीक्षेला मी नाही. मास्तर म्हणाले, एका क्रेनचं विजेचं काम जूनपर्यंत व्हायचं नाही, तेव्हा दुसऱ्या जागेची परीक्षा जूनमध्ये. माझं नशीब एवढं तरी सरळ निघालं.

१ एप्रिल, बुधवार

चार गोळ्या. पाकिटावर औषधवालीने जाड पेनाने लिहिलंय: फक्त बुधवारी. सुट्टी असो, काम असो, बुधवार. जेवताना नवऱ्याने आज वार कोणता असं विचारलं. मी सांगितलं. मग लेकीने विचारलं. घरात दोन-दोन परीक्षक.

२२ एप्रिल, बुधवार

अंगात ताप, खोकला. कार्यालयातला शेजारी म्हणाला, माझ्याकडे अँटिबायोटिक आहे, दोन दिवसांत ठणठणीत व्हाल. घेतलं नाही. फोन केला. बरं झालं केला, कारण काही अँटिबायोटिकचं माझ्या गोळ्यांशी मुळीच जमत नाही आणि त्याच्या पाकिटातलं नेमकं तेच होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून दुसरं दिलं आणि सांगितलं, ताप आहे तोवर पिवळ्या गोळ्या घेऊ नका.

आज बुधवार आणि गोळ्या घेतल्या नाहीत. हात तसेच सुजलेले आणि औषध समोर. न घेणं हेही औषध घेण्यातच मोडतं, हे पचायला जड जातंय.

२० मे, बुधवार

सहा गोळ्या. रक्त उत्तम. आखडणं दहा मिनिटं. बंदराच्या डॉक्टरांनी माझ्याकडून दोन्ही हातांनी त्यांचे हात दाबून घेतले आणि 'पुरे, पुरे' म्हणाले. सोमवारपासून जुन्या क्रेनवर.

दवाखान्यात आता नवीन चिठ्ठीवर वाराचा चौकोन छापलाय. सिस्टर प्रत्येकाला विचारतात, तुमची सुट्टी बदलते का. गेल्या आठवड्यात एका परिचारिकेचा आणि एका पहारेकऱ्याचा घोळ वेळेत सापडला म्हणे. हे ऐकून माझी छाती फुगली. माझ्या गाढवपणाचा कोणाला तरी उपयोग झाला.

११ जून, गुरुवार

सविस्तर लिहिते, हे मला म्हातारपणी वाचायचं आहे.

परीक्षेत लोखंडी पिंप असतं, काठोकाठ पाण्याने भरलेलं. ते उचलून चार खांबांमधून फिरवून आणायचं आणि आखलेल्या वर्तुळात ठेवायचं. मग डबा. एप्रिलमध्ये पहिली जागा मिळवणाऱ्या गड्याचं चार बोटं पाणी सांडलं होतं. वर जाताना विजेवाला भेटला. म्हणाला, या क्रेनचं काम मार्चमध्येच संपलं, रिकामी का उभी ठेवली कोण जाणे. मास्तरांना कोणी कळवलं नसेल. एवढ्या मोठ्या बंदरात असले घोळ चालायचेच.

केबिनमध्ये बसले. वारा होता. पिंप उचललं आणि ते झुलायला लागलं. झोका थांबवायचा तर पिंप जिकडे जातंय तिकडेच क्रेन थोडी न्यायची, त्याच्या माथ्यावर. हे बोटांच्या टोकांनी करायचं, आणि ती बोटं माझी होती. ऐकत होती. पहिला खांब, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी वाऱ्याचा झोत आला. मी थांबले. पुढे रेटलं नाही. घाई झालेली माणसं काय करून ठेवतात ते मला माहीत आहे. वारा पडला, पिंप उभं राहिलं, वर्तुळात ठेवलं.

मग डबा. त्याच्या चार कोपऱ्यांत क्रेनच्या चार खुंट्या, एका दमात.

खाली आले तेव्हा मास्तर पिंपाशी उकिडवे बसून पट्टीने पाणी मोजत होते. पट्टी पुसली, परत बुडवली. एक बोटही कमी नाही. जमलेल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मास्तर उठले आणि म्हणाले, "चोवीस तारखेपासून ही क्रेन तुमची." मग जाता जाता वळून 'हं' म्हणाले. नवऱ्याला फोन केला तर तो कोणाची तरी दाढी अर्धी टाकून रस्त्यावर येऊन ओरडला.

२४ जून, बुधवार

नव्या क्रेनवरचं पहिलं जहाज. गोळ्या संध्याकाळी जेवल्यावर, म्हणजे मळमळायचं ते अंथरुणात. उद्या रक्त द्यायचं, मग इथे डबा हलो न हलो.

पहिल्या डब्यापासून मोजत होते. दहाव्यानंतर मोजणं सोडलं. खाली डब्यांची नोंद ठेवणारा चेकर वायरलेसवर नुसते आकडे सांगत होता. दुपारी म्हणाला, तासाला एकतीस, या धक्क्यावर आजवर कोणी केले नाहीत. मग त्याला वाटलं असावं की जास्तच बोललो, कारण लगेच पुढचा आकडा सांगितला. एक डबा पावसात उतरवला, एक वाऱ्यात. एकही आपटला नाही. संध्याकाळी शेवटचा डबा बसला आणि जहाजावरच्या माणसांनी वर पाहून टोप्या हलवल्या. मीही काचेतून हात हलवला.

पायऱ्या उतरताना रेलिंग धरलं तेव्हा लक्षात आलं. सकाळपासून मला बोटांची एकदाही आठवण झाली नव्हती.